अकरा एमबी जास्त

या खेपेची सीडी सातशे अकरावर गेली.
मावतात सातशेच.
येवद्याच्या जिनिंगवरचं यंत्र
पेनड्राइव्हला ओळख देत नाही,
सीडी तेवढी घेतं, तीही
ट्रे बोटानं दाबून धरला तर.

माझा एमएससीआयटीचा क्लास बंद झाला
तेव्हा सतरा यंत्रं विकली मी,
कुणाला हप्त्यानं, कुणाला नुसत्या भरवशावर.
वहीत अजून नोंद आहे:
तीन उर्दू शाळेत,
एक झेरॉक्सवाल्या खंडारेकडे
(त्यावर तो आता लग्नपत्रिकाच काढतो),
दोन मेली, त्यांचे भाग बाकीच्यांच्या पोटात.
आणि हे एक, काट्यावर,
जिथं ट्रक आधी भरलेला तोलतात, मग रिकामा,
वजा करून उरतो तो कापूस.

विकताना म्हटलं होतं, चालू ठेवीन.
किती वर्षं, ते कुणी विचारलं नाही.

आमचा हा खारपाणपट्टा.
पाणी कूलरची जाळी दोन उन्हाळ्यांत खातं,
पोर्टच्या पिनांवर हिरवट फुलं येतात,
ती मी जुन्या टूथब्रशनं घासते.
ते सोपं आहे.

अवघड ते लांबच्या लोकांचं, ज्यांनी मूळ प्रणाली लिहिली.
मागच्या वर्षी त्यांनी विचारलं,
हा भाग अजून कुणी वापरतं का? नसेल तर काढतो.
मी लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं,
आणि एवढंच पाठवलं:
हो. काट्यावर. नाझिमभाई.
त्यांनी काढलाच.
वाईट माणसं नाहीत. त्यांच्याकडे असं यंत्रच उरलं नाही,
तपासणार कशावर?
तेव्हापासून तो भाग माझ्याजवळ असतो,
विरलेल्या सदऱ्याचा धड खिसा
नव्या सदऱ्याला लावावा, तसा
दर खेपेला शिवते.

तर अकरा एमबी.
बर्फाचे डोंगर, निळी तळी गेल्याच वेळी काढली.
बुद्धिबळ काढलं. सुरू होतानाचा तो आवाज काढला.
चाळीस भाषा काढल्या,
फिनिश काढताना उगाच थांबले जरा.
मराठीची अक्षरं राहणार. उर्दूचीही.
काट्याचा भाग तर चाळीस केबीसुद्धा नाही,
तो काढून काय मिळणार?
राहिली 'मदत'.
बासष्ट पानं, चित्रांसकट, मीच लिहिलेली,
कूलर थांबल्यावरच्या रात्रींत.
पहिलं वाक्य: घाबरू नका.
ती काढली.
अख्ख्या तालुक्यात 'मदत' कुणी उघडत नाही.
सगळे मलाच फोन करतात.

दुपारी काट्याबाहेर सहा ट्रक.
'काहून वो म्याडम, जमते का नाही थे?'
यंत्राच्या सेलचा चिमटाच गंजलाय,
दर सकाळी त्याला वाटतं
आज एक जानेवारी दोन हजार दोन.
म्हणून माझी सीडी सगळ्यांत आधी विचारते,
आज तारीख काय?
नाझिमभाईंनी बियाणं कंपनीच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
मग ड्रायव्हरला हाक मारून खात्री केली,
मग एका बोटानं, दिवस, महिना, वर्ष.
पट्टी भरत गेली.
त्र्याहत्तर टक्क्यांवर थांबली, नेहमी थांबते,
मी तोवर सरकीचं एक बी
नखानं सोलत बसले.

शेवटी पडदा उजळला, पण काट्याचा आकडा कोराच.
बाहेर आले, केबल कुठं सुटलीय का पाहायला,
लोखंडी फळीच्या मधोमध उकिडवी बसले,
जोड चाचपला, दाबला.
खिडकीतून आवाज आला:
'दाखोते म्याडम, दाखोते! साठ!
आता उतरा बरं खाली,
ट्रक येऊ द्या.'