नो-गो

सातपूरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
माझ्या हातात एक गेज होतं.
बोटाएवढं, दोन तोंडांचं.
हिरवं तोंड भोकात गेलं पाहिजे,
लाल तोंड जाता कामा नये.
बस, एवढाच धर्म.
लाल शिरलं की जॉब लाल पेटीत,
मग ऑपरेटर कितीही गयावया करो,
“मॅडम, केसभरच आहे हो.”
केस म्हणजे किती मायक्रॉन, मला पाठ होतं.

मग ती लाईन चाकणला गेली
आणि मी घरी,
एक शाल, एक चेक, एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन.
गेज परत केलं. रजिस्टरमध्ये सही आहे.
सही आहे, पण बोटं तशीच वळलेली राहिली.

तांबट आळीत गाळा घेतला, अर्धा.
उरलेल्या अर्ध्यात निवृत्तीकाका.
नाव निवृत्ती, वय अठ्ठ्याहत्तर,
हातोडी अजून खाली ठेवलेली नाही.
डिसेंबरात पत्रा हाताला चावायचा.
त्यांनी मला तापवायला शिकवलं, विझवायला शिकवलं,
मठार कसा ओळीनं उतरतो ते दाखवलं
आणि मी टांगत्या दिव्यांची छत्रं ठोकू लागले,
जाळीची, उजेड गाळून देणारी.

पहिल्या महिन्यात अकरा झाली.
अकराच्या अकरा लाल पेटीत.
(पेटी मीच रंगवलेली, पहिल्याच दिवशी,
गाळ्यावर पाटी लावायच्या आधी.)

काकांनी पेटीत डोकावून पाहिलं.
“भंगार?”
“बरोबर नाहीत.”
“कशाच्या बरोबर?”
मी गप्प.
“नकाशा असेल ना तुमच्याकडं, कारखान्यासारखा. दाखवा.”

नकाशा नव्हता.
एकोणीस वर्षं तो वरच्या मजल्यावरून यायचा,
खाली कोपऱ्यात कुणाची तरी सही असायची.
चुकलंच तर ती सही चुकायची.
इथे वरचा मजलाच नाही.
वर कौलं, आणि कौलांवर एक मांजर.

काकांनी पेटीतलं एक छत्र उचललं,
शटर ओढलं, बल्ब लावला.
जिथं भोक केसभर सरकलं होतं
तिथून उजेडही जरा वाकडा आला
आणि नेमका त्यांच्या कानावर बसला.
“कानाला ऊन लागतंय,” म्हणाले,
आणि शटर वर करून चहाला गेले.
मी अंधारउजेडात उभी,
हातात मापायला काही नाही.

गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलनं चाळीस मागितले.
भाव कळवा, म्हणाले.
वहीत अठराशे लिहिले. खोडले. पंधराशे.
फोन हातात घेतला की साडेतेराशे.
तांबं किलोवर, गॅस, काकांची मजुरी, रिक्षा,
सगळे रकाने भरलेले.
माझ्या मजुरीचा तेवढा कोरा.
भीती तिथं पाय पसरून बसली होती,
भाडं न देता.

शेवटी त्यांचाच फोन आला.
“काका, दोन मिनिटं हातोडी थांबवा.”
नाही थांबवली.
पत्रा तापलेला असला की काका देवाचंही ऐकत नाहीत.
ठण ठण ठण,
आणि पलीकडून, “मॅडम, किती म्हणालात?”
मग मला ओरडावंच लागलं:
“अठराशे! एकाचे अठराशे!”
समोरचा परातवाला वळला.
आख्ख्या आळीनं माझा भाव ऐकला.

पलीकडे शांतता.
अशा शांततेत मी नेहमी काहीतरी ओतायचे,
होईल हो थोडं कमीजास्त, तुम्ही सांगा.
या वेळी जीभ दातांमागे दाबून धरली.
ठण. ठण.

“जीएसटी धरून?”

“वेगळा!” मी ओरडले.

चाळीस गेले. पैसे आले, उशिरा, पण आले.
लाल पेटी अजून आहे.
काल तिच्यात दोन टाकले.
मुद्दाम सांगते, दोन.
ते खरंच वाईट होते.