पान एकशे बारा

स्वानसीच्या छापखान्यात मी बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली.
स्वल्पविराम वेचले, वेलांट्या वळवल्या,
आणि चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात
एका जाडजूड अद्भुतकादंबरीतली एक ओळ कापली.

कारण साधंच. प्रकरण संपता संपता
तीन शब्द पलीकडच्या पानावर सांडले होते,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे
दारातच अवघडून उभे.
कागद महाग. मालक प्रॉसर त्याहून चिकट.
मी वर वर शोधत गेले,
काय गेलं तर कुणाचं अडणार नाही?
सापडलं.
‘तिचा चेहरा भिजलेल्या पाटीसारखा काळा, तसाच लखलखीत.’
ओरिथ नावाची नावाडीण, मेलेल्यांना पैलतीरी नेणारी.
वल्हवायला चेहरा कशाला लागतो?
लेखिकेला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही,
तिची आई आजारी होती म्हणे.
मी लाल पेन्सिल फिरवली. पान बसलं.

मग चाळीस वर्षं वाचणाऱ्यांनी
त्या कोऱ्या पाटीवर आपापल्या मावश्या काढल्या.
मुखपृष्ठवाल्यानं पिवळे केस दिले, गारगोटी डोळे.
खरं सांगते, मीही तिला तशीच बघू लागले.

आता मालिका निघते आहे.
कार्डिफच्या गोदीकडची पोरगी, होदन वारसमे,
ओरिथ होणार.
आजोबा बर्बेराहून आले, जहाजाच्या पोटात कोळसा लोटत.
फोटो बघून माझा भाचा एमलिन टेबलावर मूठ आपटतो:
‘पुस्तकात असं कुठंय? दाखव ना, ग्लेनिस मावशी, कुठल्या पानावर?’
वीसदा वाचलंय त्यानं. शाळेत ताप आला होता तेव्हा
मीच दिलं होतं उशाशी.
आणि त्याचं बरोबर आहे.
पुस्तकात नाही.

मी चहा ओतत राहिले. कप भरला, बशी भरली.
मुद्रितं रद्दीत गेली,
छापखान्याच्या जागी गाद्यांचं दुकान आहे.
पुरावा म्हणून उरले ती मी,
आणि माझा चष्माही आता बदलायला झालाय.

समोरच्या छपरावर सर थांबली.
दगडी पाट्या काळ्याभोर, ओल्या,
आणि उन्हाची तिरीप आली तशा एकेक करून
अशा काही उजळल्या,
की मला ते वाक्य पुन्हा अख्खं ऐकू आलं, विरामासकट.

‘पान एकशे बारा,’ मी म्हटलं.
तो पुस्तक आणायला उठला.
‘त्यातलं नव्हे रे,’ मी म्हटलं.
‘बस. जरा वेळ लागेल सांगायला.’