जर्मनमधला मी

रात्रपाळीत मी दुसऱ्यांचे श्वास मोजतो.
मनगटावरचं घड्याळ, चादरीची उठबस,
खाट नऊ : बावीस. खाट अकरा : अठरा.
सात वर्षं झाली सीपीआरच्या या वॉर्डात,
माझा आकडा कुणी विचारला नव्हता.

विचारला बार्देस्कर सरांनी, शाहूपुरीत,
टायरच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथं आम्ही अकराजणी जर्मन शिकतो
आणि खाली दिवसभर चाकांत हवा भरली जाते.
"वह्या मिटा," म्हणाले. "डोळेपण.
पाच मिनिटं काही शिकायचं नाही."

नसीम अत्तार फस्सकन हसली.
मला झोप लागली. चक्क घोरलो.
दुसऱ्या दिवशीही घोरलो.
तिसऱ्या दिवशी खालचा कॉम्प्रेसर
नुसता आवाज म्हणून ऐकू आला,
कटकट म्हणून नाही.
सर म्हणाले, शब्दपण आता असाच ऐका.
अर्थाच्या मागं कशाला पळताय, तो कुठं जातोय.

अर्थ राहायचा, लिंग जायचं.
त्यांच्यात सूर्य बाई, चंद्र बाप्या
आणि हसतीखेळती पोरगी नपुंसकलिंगी.
डेर, डी, दास, रोज चुकायचो.
चुकलं की कानशिलं तापायची,
तापली की पुढचे तीन शब्दही वाफ होऊन जायचे.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या,
"मराठीत तरी 'मी जाते' म्हणा हो."
आमच्याकडं बाया जातो म्हणतात, येतो म्हणतात.
आई चुलीपुढनं उठताना "आलो गं" म्हणायची
आणि तिच्या बाईपणाचा टवकासुद्धा उडाला नाही.
हे सगळं ओठावर आलं होतं.
कानशिलं तापली.
या खेपेला मी ती तापू दिली,
दुधावर लक्ष ठेवतात तसं लक्ष ठेवून.
उतू गेलं नाही.

सकाळी ड्युटी सुटली की गंगावेशीत थांबतो.
म्हशीची धार पेल्यात पडते :
आधी स्टीलचा आवाज, मग दुधाचा,
मग फेसाचा, म्हणजे जवळजवळ नाहीच.
तिथं उभ्याउभ्या 'इश' म्हणून बघतो.
इश म्हणजे मी.
धड श नाही, धड ह नाही,
जीभ टाळूला टेकत नाही, घसा थरथरत नाही.
सहा महिने हा उच्चार मी तोंडात शोधला.
तो बाहेर जाणाऱ्या श्वासात होता.
त्यांचा 'मी' एवढाच,
सोडून दिलेली हवा.
गवळी विचारतो, "ताई, मांजर हाकलतायसा व्हय?"

खाट नऊवर बाळगोंडा मगदूम. गुळव्या.
चाळीस वर्षं काहिलीपुढं उभा राहून ओरडला,
मग एका सकाळी झटका आला आणि भाषा गेली.
एक शिवी तेवढी शाबूत राहिली.
भूक लागली तरी तीच, लेक भेटायला आली तरी तीच.

काल पहाटे साडेतीनला
शिवी, परत शिवी, बोट तांब्याकडं.
मी चमच्याचमच्यानं पाणी पाजलं.
तरी थांबेना. डोळ्यांतनं पाणी, मुठी खाटेवर.
तेव्हा कळलं, पाणी मिळालं होतं.
पाण्याचा शब्द मिळत नव्हता.

स्टूल ओढलं. घड्याळ बघितलं नाही.
त्याच्याबरोबर आत घेतला, बाहेर सोडला,
किती वेळ, त्याची चार्टवर नोंद नाही.
ओठ मिटले. उघडले.
"प."
बराच वेळ काही नाही.
"प."
मी पुढचं अक्षर सांगितलं नाही.
घाई म्हणजे काय असते
ते मला डेर-डी-दासनं शिकवलंय.

मग त्याला म्हटलं, मामा,
मी जाणार हाय ना, तिकडं पाण्याला वासर म्हणतात.
तो बघत राहिला. माझ्याकडं, तांब्याकडं.
वासर?
अर्ध्या तोंडानं हसला,
आणि खणखणीत, गुऱ्हाळापर्यंत ऐकू जाईल अशी
ती शिवी दिली.