पस्तिसावा हिस्सा

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम गंज पकडायचं.
रंगवलेल्या पत्र्यावर ब्लेडनं एक रेघ ओढायची,
पत्रा कपाटात टांगायचा, दार लावायचं,
आत मिठाच्या पाण्याचं धुकं.
पाचशे तास.
मग भिंगातून बघायचं,
रेघेच्या कडेनं तांबूस किती सरकलं.
दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की शिक्का: नापास.
एकोणीस वर्षं झाली.

रात्री घणसोलीत जेवणाचं टेबल पुसते,
वर्तमानपत्र पसरते
आणि गंज बनवते.

टी-पंचावन्न, एकास पस्तीस.
तोफेसकट वीतभर.
आधी सगळा तपकिरी केला, वर विटकरी ठिपके,
मग ओल्या ब्रशवर चिमूटभर मीठ,
भाजीच्याच डब्यातलं, जाडं,
आणि त्याच्यावरून हिरवा.
वाळल्यावर बोटानं चोळलं तसे खडे सुटले.
जिथे खडा होता, तिथे खालचा तपकिरी वर आला.
नवरा म्हणतो,
पगार घेऊन रंग टिकवतेस,
पदरचे घालून उडवतेस.

भरतीच्या रात्री मॅट वार्निश मारू नये
हे कुठल्याच डबीवर लिहिलेलं नसतं.
खाडीकडून दमट वारा येतो
आणि तोफेवर साय धरते.
ती पुसायला एक रविवार गेला.

पारसिकच्या डोंगराची माती आणली,
जुन्या ओढणीतून दोनदा गाळली.
तरी चाकांत ती धूळ दिसेना,
दगडगोटे दिसायला लागले.
खरी वस्तू या मापात मावत नाही.
शेवटी खडू किसला.

तिसऱ्या मजल्यावरचे दफेदार निकम
सोसायटीची पावती द्यायला आले
आणि दारातच थबकले. चष्मा बदलला.
"हे कुणी केलं?"
मी म्हटलं, मी.
"आणि हा गंज?"
तोही मीच.
"अहो बाई, एवढा गंज आमच्या गाडीवर दिसला असता
तर साहेबानं मला पाठीवर पिठू देऊन
मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

मग खुर्ची ओढून बसले.
रंग गंजानं जात नाही म्हणाले, माणसांनी जातो.
डावा पाय इथे, चाकावर.
मग इथे, फेंडरच्या या कोपऱ्यावर, रोज, चौघांचा.
मग हात. झाकणाची ही कडी धरायची,
ती चांदीसारखी झालेली असायची.
बोट टेकवून दाखवत होते,
पण टेकवत नव्हते. केसभर वर धरलेलं.

लढाईचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
एवढंच सांगितलं की पहाटे इंजिनाच्या झाकणावर
ऊब असायची, तिथे चहाचा मग ठेवायचे,
त्याचा डाग मग डिझेलनंही जायचा नाही.

पावती टेबलावर विसरून गेले.

त्या रात्री अर्धा गंज मी पुन्हा हिरवा केला.
पेन्सिलीचं शिसं घासून कडी उजळवली.
डावा पाय जिथे, तिथे स्पंजच्या टोकानं टिपत गेले,
चार माणसं, किती दिवस, अंदाजानं.
मग मगाचा हिशोब मांडला: आठ सेंटिमीटर भागिले पस्तीस,
सव्वादोन मिलिमीटर.
तेवढी बारीक नळी शोधली
(रिकाम्या रिफिलचं टोक कापून),
पातळ तपकिरीत बुडवली,
श्वास धरून टेकवली.

चार दिवसांनी पावती न्यायला आले.
माझं भिंग हातात दिलं, कंपनीतलंच, जुनं.
खूप वेळ बघत राहिले.
आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"बरोबर आहे," म्हणाले.
"पण आमचा मग चेपलेला होता, एका बाजूनं.
गोल कधी पुरता उमटायचा नाही."

मी टूथपिक टर्पेंटाईनमध्ये बुडवली.
"कुठल्या बाजूनं?"