पान सत्त्याऐंशी

खळीत मी चिमूटभर मोरचूद टाकतो,
कसर लागू नये म्हणून.
माणसांपासून या पुस्तकांना तसा धोका नाही.

जळगावात, गोलाणीच्या मागच्या गल्लीत
जिन्याखाली दुकान. पाटी नाही.
विद्यापीठातली पोरं विचारत विचारत येतात,
जास्त करून मे महिन्यातच,
पारा सेहेचाळीसवर, खळ ब्रशावरच वाळते
आणि त्यांना परवा प्रबंध जमा करायचा असतो.
पाच प्रती. काळं रेक्झिन. पुठ्ठ्यावर नाव सोन्यात.
नाव तेवढं तीन-तीनदा तपासतात.

भौतिकशास्त्राचा नेहेते चार वर्षं
काचेवर थर चढवत होता. किती पातळ रे? मी विचारलं.
त्यानं माझ्या पुढ्यातला वर्ख बोटावर घेतला,
श्वास रोखून म्हणाला, याचा शंभरावा भाग समजा.
मग श्वास सुटला आणि वर्ख गेला.
आजही जिन्याच्या एका पायरीवर चमकतो.

धुळ्याच्या मेडिकलची सायरा तडवी
सातपुड्याच्या पायथ्याला रक्त तपासून आली होती.
विळ्यासारख्या पेशींचे फोटो.
"काका, हे पान उलटं लागू देऊ नका."
मला वरखाली कळेना. कोपऱ्यात पेन्सिलीनं बाण काढून दिला तिनं.
रुग्ण एक्केचाळीस, मुलगी, धडगाव.
त्या पानावर मी दाभण जरा हळू चालवली,
का ते माहीत नाही. कागदच तो.

आणि हिलाल सोनवणे, मृदाशास्त्र.
सावद्याकडच्या केळीच्या बागांत खड्डे खणत हिंडलेला,
नखांत माती तशीच. त्याचे आणि नेहेतेचे गठ्ठे
एकाच रात्री शिकंजात होते. वीज दोनदा गेली.

दिवाळीला कातरणीचं पोतं उपसताना
एक अख्खं पान निघालं. सत्त्याऐंशी. मातीचं.
म्हणजे हिलालच्या ग्रंथालयाच्या प्रतीत
शहाऐंशीव्या पानावर पाणी मुळाशी पोचतं,
सत्त्याऐंशीवर नेहेतेच्या काचेतून उजेड जातो,
अठ्ठ्याऐंशीवर पुन्हा चिखल.
गुरुजींनी सही केलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
शाबासकी दिलेली. हिलाल पेढे देऊन गेलेला,
त्यालाही होऊन गेले सहा महिने.

पान इंग्रजीतलं. माझं इंग्रजी दहावीचं, तेही दोन खेपांत पास.
मुलीचा शब्दकोश घेऊन बसलो. आठवडा लागला.
बेचाळीस सेंटिमीटर खाली चिकणमातीचा थर,
पाणी तिथं येऊन थबकतं.
तळाला बारीक अक्षरात टीप:
नमुना घेताना खड्डा ढासळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला.

बत्तीस वर्षांत हजारो प्रबंध शिवले असतील.
वाचलं हे एक पान.

आता मार्चमध्ये रोशनी भंगाळे आली,
ग्राहकांच्या वागणुकीवर. भुसावळच्या बाजारात
साबण घेणाऱ्या तीनशे बाया. परिशिष्टात प्रश्नावली,
प्रश्न चौदावा: दुकानदारानं आपली चूक स्वतःहून सांगितली,
तर तुमचा विश्वास वाढेल की कमी होईल?
मी उत्तरांचा तक्ता शोधला. एकशे नव्वद बाया
म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही.
त्यांच्या त्या रकान्यात मीही उभा राहिलो थोडा वेळ,
हातात टोचा.

मग फोन लावला. हिलाल आता शिरपूरला शिकवतो.
सगळं सांगितलं, वीज गेल्यापासून.
वाटलं, चिडेल. पुस्तक सोडवून पुन्हा बांधून देतो,
पैसे नकोत, असं म्हणायची तयारी ठेवली होती.

तो म्हणाला, "वाचं का तुमी ते?"

एवढंच पान, मी म्हटलं.

"मंग?"

काय सांगणार. मातीतलं मला काय कळतं.
म्हटलं, खड्डा ढासळला होता ना तुमचा.

तिकडून बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.