सीट खाली असताना

शहनूरबीची व्हॅन तिसऱ्यांदा आली
तेव्हा कवडू चहा आणायला गेला होता
आणि मी कुणाच्या तरी बुलेटच्या पोटात, कोपरापर्यंत.
"भाऊ, थे पुन्हा लंगडून रायली."

या गाडीचं इंजिन सीटच्या खाली.
सीट उचलली, दांडी लावली, चावी फिरवली,
तर गाडी अशी शहाणी
जशी तपासणीच्या दिवशी शाळेतली पोरं.
एक दोन तीन, एक दोन तीन,
तिन्ही सिलिंडर आपापल्या नंबरावर हजर.

पहिल्या खेपेला मी प्लग बदलले.
दुसऱ्या खेपेला कॉइल, कारंज्याहून मागवून.
मग दोष दिला पेट्रोलला, पंपवाल्याला,
आणि मनातल्या मनात तिलाही:
बाईमाणूस, क्लचवर पाय ठेवूनच चालवत असेल.
दोन्ही वेळा ती नोटा मोजून देऊन गेली
आणि दोन्ही वेळा नाला ओलांडायच्या आत
तिसरा सिलिंडर रुसला.

"तुले काहून ऐकू येत नाही?" ती म्हणाली.
"मले तं बांगड्या सांगतात."

मागे छतापर्यंत खोके:
सव्वादोनच्या, अडीचच्या,
ओटीभरणाच्या हिरव्या, गवतात बांधलेले चुडे.
मी त्यांच्यामध्ये उकिडवा बसलो.
ती चालवू लागली.
गाडी बरी असली की काच एका सुरात कुजबुजते.
मग मध्येच एक घर रिकामं जातं,
आणि त्या रिकाम्या घरात
सगळे खोके एकदम दचकतात.
चाळीस वर्षांचा माझा कान
हे बाहेर उभा राहून ऐकत होता.

खड्डा आला. ती सीटवरून वीतभर उडाली
आणि तेवढ्यापुरती, अर्धा श्वास,
गाडी बरी झाली.

"थांबा. गफूरभाई चालवतात तेव्हा?"
"त्याइचं काय, तुरीच्या काडीवानी माणूस.
त्याइच्या हातात कधीच लंगडत नाही.
म्हनून तं म्हनते, माह्यावरच राग हाय हिचा."

सीट उचलायची नाही, मी स्वतःला बजावलं.
दुखणं पाहायला मी दर वेळी झाकण उघडत होतो
आणि झाकण उघडलं की दुखणं पसार.
बाजूच्या फटीतून हात घातला. मनगट भाजलं.
"बसा." तिसरा गेला.
"उठा." तिसरा आला.
"बसा."
एक सायकलवाला पाय टेकून पाहत राहिला
की हा मिस्त्री भर रस्त्यात बाईला
उठबशा कशाच्या काढायला लावतो.

बोटाला लागली ती पिवळी वायर,
सीटच्या बिजागरीखाली चेंगरलेली,
प्लास्टिक सोललेलं, आतलं तांबं हिरवट,
जागा नखाएवढी.
आणि तिची क्लिप वीतभर वर, रिकामी.
मागच्या पोळ्याला क्लच केबल टाकली होती.
तेव्हा ही वायर क्लिपमधून काढणारा हात
आणि परत न बसवणारा हात
एकच.

मी सांगितलं तिला.
म्हणजे आधी खोकलो, हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले,
मग सांगितलं.
ती एका खोक्याची सुतळी आवळत राहिली.
"मंग माहे जुने पिलग चांगलेच व्हते?"
"होते."
"कुठं हायेत?"

गॅरेजात येऊन तिने ते तिन्ही प्लग
डब्यातून स्वतः वेचून काढले, फडक्यात बांधले,
वर कॉइलही.
मी पाचशेची नोट पुढे केली.
तिने ती घेतली,
उजेडाकडे धरून नीट पाहिली,
मग गेली बाजाराला.

नाल्याच्या वळणापर्यंत मी उभ्याने मोजत होतो,
एक दोन तीन,
एक दोन तीन,
आणि बाकावर कवडूने आणलेल्या चहावर
केव्हाची साय धरली होती.