कानाडोळा

पहिल्या रात्री दुर्बीण नव्हतीच.
टानी डोर्थीनं माझा मोबाईल काढून घेतला,
लाल काचेची बॅटरी दिली आणि म्हणाली,
अर्धा तास नुसती उभी राहा, लिनेओ.
डोळे मुरू देत अंधारात.

कारूच्या पठारावर जुलैची थंडी.
खाली कुठल्याशा फार्मवर एक मेंढी खोकत होती.
मी लेसोथोची, बर्फाला सरावलेली,
तरी दातांवर दात वाजत राहिले.

मग हळूहळू हात बसला.
घुमटाची फट वाऱ्याकडे पाठ करून उघडायची.
वहीत वेळ लिहायची ती ग्रीनिचची,
आणि पेन्सिलीनं, कारण शाई गोठते.
सूर्य बुडाला की तारे उगवायच्या आत
रिकामं आभाळ टिपून घ्यायचं,
म्हणजे आरशावर कुठे कुठे धूळ आहे ते कळतं.
नंतर झाकण लावून मिट्ट काळोखाचेही फोटो.
"हे कशाचे?"
"यंत्राचे. समोर काहीच नसताना
त्याला काय काय दिसतं, ते.
सकाळी वजा करायचं."

एक मात्र सलत होतं.
बोलताना टानी माझ्याकडे बघायची नाही.
नजर कायम माझ्या डाव्या कानापाशी.
चुकीचा फिल्टर लावला त्या रात्री
रागावली, तीही त्या कानावरच.
मी मनात म्हटलं, असतो एकेकाला तोरा.

अकराव्या रात्री वीज गेली.
मोठी दुर्बीण मान वाकडी करून थांबली.
टानीनं शेडमधून जुनी काढली, हातानं ढकलायची,
जिची लाकडी मूठ तिच्या वडिलांनी घडवलेली
(ते लोकर कातरायचे, तारे नव्हते बघत).
शिल्पकार तारकासमूहातली एक फिकट दीर्घिका.
मला नुसता काळोख.

"रोखून बघतेस. रोखलं की ती जाते.
जरा बाजूला बघ. कडेनं येऊ दे तिला."

बाजूला बघितलं.
आली.
खिडकीच्या काचेवर कुणी श्वास सोडावा, तेवढीच.
हावरटासारखं वळून बघितलं, तर गेली.

"माझं आता सगळंच असं," मागून टानी म्हणाली,
वाऱ्याची दिशा सांगावी तशी.
"सहा वर्षं झाली. नजरेच्या मधोमध भोक पडलंय.
आकडे दिसत नाहीत,
म्हणून तर तुला मोठ्यानं वाचायला लावते.
आणि तुझा चेहरा बघायचा
तर कानाकडे बघावं लागतं."

मला काही सुचलं नाही.
वीज आली. घुमट करकरला, पंखे घुमू लागले.
शून्य वाजून बेचाळीस, मी वाचलं,
हवा स्थिर, आर्द्रता एकतीस,
ढग नाहीत,
एकेक आकडा सावकाश,
मान जराही न हलवता,
तिला सापडले होते तिथून.